मनगटावरचे दप्तर

“माझ्याजवळ लपवण्यासारखे काही नाही, मग माझ्या घड्याळाला माझी पावले, माझी झोप आणि माझ्या हृदयाचे ठोके कळले तर त्यात बिघडले कुठे?” हा प्रश्न ठाण्याच्या मासुंदा तलावाभोवती प्रातःकाळी फेऱ्या मारणारे सेवानिवृत्त गृहस्थ विचारतात, डोंबिवलीच्या फडके रोडवर दुकानाच्या काचेआडचे नवे घड्याळ न्याहाळणारे तरुण विचारतात, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाच्या हाती सिमकार्डाचे घड्याळ बांधू पाहणारे आईबापही विचारतात. प्रश्न सरळ आहे आणि प्रामाणिक आहे. त्याला टाळाटाळीचे उत्तर देणे योग्य होणार नाही.

माझे उत्तर आरंभीच सांगून ठेवतो. ते घड्याळ कोणत्या बनावटीचे आहे याला फारसे महत्त्व नाही. त्याने लिहिलेले दप्तर कोणाच्या कचेरीत उघडते, आणि ज्याच्या अंगावरून ते लिहिले गेले त्याला ते वाचण्याची व त्यावर आपली कैफियत मांडण्याची मुभा आहे की नाही, यावर सारे अवलंबून आहे. हे उत्तर पटावे यासाठी प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ, मग त्याने जमवलेल्या नोंदींची, आणि अखेरीस त्या नोंदींवर अंमल गाजवणाऱ्यांची.

१. घड्याळ मोजते म्हणजे काय करते?

अंगावर वागवण्याच्या संगणकाची कल्पना आपण समजतो तितकी नवी नाही. १९६१ साली एडवर्ड थॉर्प आणि क्लॉड शॅनन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी सिगारेटच्या पाकिटाएवढा एक संगणक तयार केला होता. रूलेच्या जुगारात गोळी कुठे थांबेल याचा अंदाज तो बांधी, आणि त्याला आकडे पुरवण्याची कळ बुटात दडवलेली असे. त्या यंत्राचे सारे ज्ञान धारण करणाऱ्याच्या कामी येत होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी.

आजच्या मनगटी यंत्राची मुख्य इंद्रिये दोन. पहिले म्हणजे हालचाल ओळखणारी एक सूक्ष्म तबकडी, जी हाताला बसलेला प्रत्येक हिसका टिपते आणि त्यांतील नियमित लयीवरून पावलांचा हिशेब करते. दुसरे म्हणजे घड्याळाच्या पाठीचे हिरवे दिवे. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते; हृदयाचा ठोका पडला की मनगटातील रक्त क्षणभर वाढते, परत येणारा प्रकाश तेवढा घटतो, आणि या चढउतारांची मोजदाद करून यंत्र नाडीचा आकडा सांगते. झोपेसाठी मात्र घड्याळाजवळ वेगळे इंद्रिय नाही. हात स्थिर आहे आणि नाडी मंद आहे, एवढ्यावरून ते निद्रेचे अनुमान करते; त्यामुळे काळजीने छताकडे पाहत निश्चल पडून राहिलेला मनुष्यही त्याच्या लेखी निद्रिस्त ठरू शकतो.

घड्याळातील पुष्कळशा नोंदी अशा रीतीने अनुमाने आहेत, आणि अनुमानाला चुकण्याचा हक्क असतो. पण एकदा ते आकड्याच्या रूपाने पडद्यावर आले की वाचणाऱ्याला ते प्रमाण वाटू लागते. रोज दहा हजार पावले चालावे हा जो दंडक आपल्याकडे वैद्यकाच्या आज्ञेसारखा पाळला जातो, तोदेखील १९६५ साली जपानातील एका कंपनीने विक्रीस आणलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आलेला आहे. त्यामागे त्या काळचे ठोस वैद्यकीय संशोधन नव्हते.

आता थोडा हिशेब. घड्याळ मिनिटाला नाडीची एकच नोंद ठेवते असे धरले तरी दिवसाच्या १,४४० नोंदी होतात, वर्षाच्या ५,२५,६०० आणि पाच वर्षांच्या सव्वीस लाखांहून अधिक. एखाद्या मनुष्याविषयी एवढे तपशीलवार दप्तर त्याच्या आईने, वैद्याने किंवा सरकारने आजवर कधी ठेवले नव्हते.

२. उपग्रहाला आपण दिसत नाही

आकाशातून उपग्रह आपल्यावर नजर ठेवतो, असा एक समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती उलट आहे. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे उपग्रह आपली जागा आणि वेळ अखंड सांगत असतात. घड्याळ ते संदेश नुसते ऐकते, निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिराने पोहोचले हे ताडते, आणि त्यावरून आपण पृथ्वीवर कोठे आहोत हे स्वतःच काढते. ऐकणारे किती आहेत, कोण आहेत, याचा उपग्रहाला पत्ताही नसतो.

पाळतीचा आरंभ होतो तो त्यानंतर, म्हणजे काढलेले स्थान घड्याळातील सिमकार्डाने किंवा खिशातील मोबाइलने कोणातरी तिसऱ्याच्या संगणकाकडे रवाना केले म्हणजे. स्थान जाणणे आणि स्थान कळवणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि त्या भिन्नच आहेत हे एकदा मनात पक्के झाले की पुढील सर्व वाद समजावयास सोपे जातात.

शिवाय या स्थाननिश्चितीला मर्यादा आहेत. मोकळ्या मैदानात चूक काही मीटरांचीच असते. पण कल्याणच्या पारनाक्यासारख्या जुन्या वस्तीत, जेथे गल्ली अरुंद आणि दोन्ही बाजूंस इमारती, तेथे संदेश भिंतींवर आपटून येतो आणि चूक पुष्कळ वाढते. समजा गल्लीची रुंदी चार मीटर आहे आणि चूक पंधरा मीटरांची झाली. तर त्या गल्लीत उभा असलेला मनुष्य नकाशावर शेजारच्या गल्लीत दिसेल.

३. चार नोंदी पुरतात

“पण माझे नाव तर त्यांच्या नोंदीत नसते, नुसता क्रमांक असतो,” असे समाधान काही जण करून घेतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पंधरा लाख मोबाइलधारकांच्या पंधरा महिन्यांच्या निनावी नोंदी तपासल्या गेल्या, आणि असे आढळले की मनुष्य कोणत्या वेळी कोठे होता याचे केवळ चार दाखले हाती असले तर शंभरांपैकी पंचाण्णव माणसे त्या गर्दीतून नेमकी वेगळी काढता येतात.

आपल्या भागातले उदाहरण कल्पून पाहा. एका क्रमांकाची नोंद सांगते की तो कामाच्या दिवशी सकाळी पावणेआठला डोंबिवली स्थानकावर असतो, नवाच्या सुमारास ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील अमुक गल्लीत असतो, मंगळवारी संध्याकाळी टिटवाळ्याच्या गणपतीला जातो, आणि रात्री मानपाडा रस्त्यावरच्या एका विशिष्ट इमारतीत मुक्काम करतो. ही चारही ठिकाणे त्या त्या वेळी गाठणारा दुसरा मनुष्य बहुधा असणार नाही. आता पाचवी नोंद घ्या: दर तीन आठवड्यांनी तो अर्धा दिवस कर्करोगाच्या एका दवाखान्यात असतो. डॉक्टरांनी ब्र काढलेला नाही, त्याने घरीही कदाचित सांगितलेले नाही, तरी त्याचा आजार दप्तरी दाखल झाला.

अशा साठ्यांतून काय बाहेर पडू शकते याचा प्रत्यय २०१८ च्या जानेवारीत साऱ्या जगास आला. स्ट्राव्हा नावाच्या व्यायामाच्या अ‍ॅपने आपल्या लक्षावधी सभासदांच्या धावण्याचे मार्ग एकत्र करून एक जागतिक नकाशा प्रसिद्ध केला होता. ऑस्ट्रेलियातील नेथन रुसर या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की वाळवंटी प्रदेशांत जेथे काहीच नसावे तेथे प्रकाशरेषा दिसत आहेत, आणि त्या लष्करी तळांवर व्यायाम करणाऱ्या सैनिकांच्या होत्या. येऊरच्या रस्त्यावर पहाटे धावून आपला मार्ग मित्रांना दाखवणाऱ्या ठाणेकराने एवढे तरी पाहावे की तो मार्ग आपल्या दारापासून सुरू होऊन आपल्याच दारात संपत नाही ना.

दप्तराची मालकी बदलते तेव्हा काय होते, हाही प्रश्न येथेच उपस्थित होतो. फिटबिट ही कंपनी गूगलने विकत घेतली तेव्हा युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये जी मंजुरी दिली, तीत अशी अट होती की युरोपातील लोकांच्या आरोग्याच्या या नोंदी दहा वर्षे जाहिरातींसाठी वापरावयाच्या नाहीत. ती अट तेथील नियामकाने मागून घेतली म्हणून मिळाली; त्याच कंपनीचे घड्याळ वापरणाऱ्या ठाण्याच्या माणसाला ती लागू नाही.

४. डब्यातली ओळख आणि दप्तरातली ओळख

एक आक्षेप मला विशेष विचारार्ह वाटतो. तो असा की आपल्या समाजात एकांत होताच कुठे? चाळीतल्या सामायिक गॅलरीत किंवा रोजच्या लोकलच्या ठरलेल्या डब्यात माणसाचे काय झाकून राहते? हे खरे आहे. वर्षानुवर्षे एकाच दारातून चढणाऱ्या मंडळींना एकमेकांचे पगार, मुलांचे गुण, बहिणीचे रखडलेले लग्न, डॉक्टरने सोडायला सांगितलेली तंबाखू, सारे ठाऊक असते. पण त्या ठाऊक असण्याचे तीन धर्म आहेत. ते परस्परांचे असते, कारण मला जितके तुमचे कळते तितके तुम्हांला माझे कळते. ते विसरले जाते, कारण स्मृती माणसाची असते. आणि दोन दिवस गाडीला न दिसलेल्या माणसाच्या घरी फोन करण्याचे कर्तव्यही त्याच्या पाठोपाठ येते. मनगटावरून उचललेल्या नोंदीत या तिहींपैकी एकही नाही. ती एकतर्फी असते, ती झिजत नाही, आणि ज्याच्यापर्यंत ती पोहोचते तो आपले कोणी लागत नसतो.

या एकतर्फीपणाचा परिणाम हळूहळू वर्तनावर होतो. विमा नियामकाने २०२० साली आरोग्य विम्यात निरामय जीवनशैलीला उत्तेजन देण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि चालण्याच्या नोंदी पाठवणाऱ्या विमेदारास हप्त्यात सवलत किंवा गुण देणाऱ्या योजना आता रूढ होत आहेत. सवलत मिळणे वाईट नाही. परंतु ती ज्याच्याजवळ घड्याळ आहे, विमा आहे आणि सकाळचा मोकळा तास आहे त्यालाच मिळते. घोडबंदर रस्त्यावरच्या मनोऱ्यांत रोज पाच घरची धुणीभांडी करणारी बाई त्या मनोऱ्यांतील पुष्कळ रहिवाशांपेक्षा अधिक चालते, आणि तिच्या पावलांचा कोठेही जमाखर्च नाही. आज जी सवलत आहे ती उद्या न मोजून घेणाऱ्यावरचा दंड होऊ नये, एवढी दक्षता आजच घेतली पाहिजे.

५. दुसऱ्याच्या चष्म्यात, मुलांच्या हाती

घड्याळ निदान ते बांधणाऱ्याचीच नोंद घेते. कॅमेऱ्याचा चष्मा समोरच्याची घेतो, आणि समोरच्याला कोणी विचारलेले नसते. गूगलने २०१३ साली आणलेला असा चष्मा लोकांच्या नाराजीमुळे दोन वर्षांत बाजारातून मागे घेतला गेला. पण मेटा कंपनीचे रे-बॅन चष्मे २०२५ च्या मे महिन्यापासून आपल्या देशात अधिकृतपणे विकले जात आहेत. चित्रण चालू असता त्यांच्या कडेला एक बारीक दिवा लागतो. गर्दीच्या वेळी कल्याण लोकलमध्ये तो दिवा कोणाला दिसणार आहे? २०२४ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी तर असा चष्मा, चेहरे ओळखणारी सेवा आणि महाजालावरील माहिती यांची सांगड घालून रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाचे नाव काही क्षणांत काढून दाखवले; लोकांनी सावध व्हावे म्हणून त्यांनी ते केले आणि आपली आज्ञावली जाहीर केली नाही.

आपला कायदा या बाबतीत अपुरा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ किंवा माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई स्त्रीच्या खाजगी क्षणांच्या आणि कोणाच्याही शरीराच्या खाजगी भागांच्या चित्रणाला शिक्षा सांगते. भरदिवसा डब्यात बसलेल्या प्रवासिनीचा चेहरा परवानगीवाचून टिपणाऱ्याला ती कलमे सहज लागू पडत नाहीत. मध्य रेल्वेने २०२३ साली मुंबई विभागातील तिकीट तपासनिसांना छातीवर लावावयाचे कॅमेरे दिले, त्याचे स्वरूप निराळे होते. गणवेशातील अधिकाऱ्याच्या अंगावर उघडपणे दिसणारा कॅमेरा वादाच्या प्रसंगी दोन्ही पक्षांना साक्षीदार होऊ शकतो; मात्र ते चित्रण मागण्याचा अधिकार प्रवाशालाही असला पाहिजे.

मुलांच्या घड्याळांविषयी एवढेच सांगतो की ज्या घड्याळातून आईबापांना घरबसल्या आसपासचे बोलणे गुपचूप ऐकता येत होते, अशा घड्याळांच्या विक्रीस जर्मनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी केली, आणि त्याच्या आदल्याच महिन्यात नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने दाखवून दिले होते की काही घड्याळांचा ताबा परका मनुष्यही घेऊ शकतो. ज्या साधनाने आईला मूल सापडते, त्याच साधनाने ते दुसऱ्यालाही सापडू शकते, हे विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारून घ्यावे.

६. हजेरी शेडमधले घड्याळ

आतापर्यंतची बहुतेक उदाहरणे स्वेच्छेने घेतलेल्या वस्तूंची होती. ज्याला ती नको असेल त्याने काढून ठेवावी, असे म्हणता येत होते. ज्याला काढून ठेवता येत नाही त्याचे काय?

ठाणे जिल्ह्यातच, नवी मुंबई महानगरपालिकेने २०१९ साली आपल्या सफाई कामगारांच्या मनगटावर स्थान कळवणारी घड्याळे बांधली. त्याच्या आगेमागे नागपूर महानगरपालिकेने तोच मार्ग धरला होता, आणि पुढे चंदिगड, पंचकुला, इंदूर, लखनौ अशा शहरांतूनही ही पद्धत आली. योजना सामान्यतः अशी असते: कामगाराच्या घड्याळात उपग्रहाचे संदेश ऐकणारे यंत्र आणि सिमकार्ड असते, त्याला नेमून दिलेल्या बीटची हद्द नकाशावर आखलेली असते, पाळीच्या वेळात तो त्या हद्दीत आहे की नाही हे नियंत्रण कक्षातील पडद्यावर एका ठिपक्याच्या रूपाने दिसते, आणि हद्दीबाहेर गेल्यास किंवा घड्याळ बंद पडल्यास त्याची नोंद होते, जिचा संबंध पुढे पगाराशी जोडता येतो.

या योजनेमागचा हेतू मी खोटा मानीत नाही. हजेरीपटावर नाव एकाचे आणि कामावर भलताच, किंवा कोणीच नाही, आणि पगार मात्र उचलला जातो, हा गैरप्रकार नगरपालिकांच्या कारभारात जुना आहे. मुकादमाची मर्जी राखली तर हजेरी, नाही तर खाडा, या जुलमातून प्रामाणिक कामगाराची सुटका करणारी बिनचूक नोंद असेल तर ती त्याला हवीच असेल. याच कारणास्तव या घड्याळांचा विचार सरसकट निषेधाने उरकणे मला अन्यायाचे वाटते.

पण ते घड्याळ नेमके काय मोजते, हे पाहिल्यावर मन अस्वस्थ होते. केलेल्या कामाशी त्याला कर्तव्य नाही, ते केवळ उपस्थिती मोजते. गल्ली झाडली गेली काय, हे त्याला कळत नाही. झाडणारा नकाशाच्या रेघेच्या आत होता काय, एवढेच कळते, आणि तेही मागे पाहिल्याप्रमाणे अरुंद गल्लीत चुकीचे कळू शकते. पंधरा मीटरांच्या चुकीने ज्याचा ठिपका शेजारच्या बीटमध्ये उमटला, त्याच्या हातातला झाडू मात्र सारा वेळ स्वतःच्याच बीटमध्ये चालू होता. ठेकेदाराने हातमोजे आणि गमबूट वेळेवर दिले की नाहीत, कचरा उचलणारी गाडी आली की नाही, कामगार बाईला तोंड धुण्यासाठी आणि निसर्गधर्मासाठी जवळपास जागा आहे की नाही, यांपैकी कशाचीही नोंद ते घड्याळ ठेवीत नाही. यंत्राचे तोंड एकाच दिशेला वळवलेले आहे.

२०२० साली चंदिगडच्या सफाई कामगारांनी या घड्याळांविरुद्ध निदर्शने केली. तेथून आणि पंचकुल्याहून आलेल्या तक्रारींत एक गोष्ट पुनःपुन्हा येते, आणि ती वाचताना मला कायद्याच्या साऱ्या व्याख्यांहून अधिक शिकावयास मिळाले. काही घड्याळांत कॅमेरा आणि ध्वनिग्राहकही बसवलेला होता. तो केव्हा चालू असतो आणि केव्हा बंद, हे बायकांना कोणी सांगितलेले नव्हते. आणि म्हणून शौचालयात जाताना त्या हाताचे काय करावे या विवंचनेत त्या असत. कोणी खरोखर पाहत होते काय, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. पाहत असेल, ही शंका दिवसाचे आठ तास मनगटावर बांधून काम करावे लागणे हीच इजा आहे. तांत्रिक बिघाडापायी पगार कापल्याची तक्रारही या शहरांतून झाली, आणि घड्याळ घरी नेऊन भारित करून आणावयाचे असल्यामुळे पाळी संपल्यावरही ते घरात जागे राहणार, ही भीतीही बोलून दाखवली गेली.

आणखी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. पिढ्यानपिढ्या हे काम ज्या जातींच्या माथी मारले गेले, त्यांच्याच मनगटावर नगरपालिकेने हे यंत्र प्रथम बांधले, यात अपघात कमी आणि सवय अधिक आहे. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा नाही असे समाजाने आधीच ठरवलेले असते, त्याच्याकडूनच पुराव्याची मागणी पहिल्यांदा होते. मनोऱ्यातला रहिवासी तशाच घड्याळाकडे पाहून आपले ठोके मोजतो. खालच्या रस्त्यावरच्या बाईचे घड्याळ तिच्याकडे पाहणाऱ्यांसाठी चालते.

७. छातीवरचा बिल्ला

मालकाने अंगावर लावावयास दिलेली प्रत्येक वस्तू अशीच असते असे मात्र नाही. ठाण्या-कल्याणच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात क्ष-किरण विभागातील तंत्रज्ञाच्या छातीवर एक लहान बिल्ला दिसेल. त्याच्या आत कॅल्शियम सल्फेटयुक्त पदार्थाच्या तीन चकत्या असतात. किरणोत्सर्ग त्यांच्यावर पडला की त्याची ऊर्जा त्या साठवून ठेवतात, आणि दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत तापवल्या की साठलेल्या मात्रेच्या प्रमाणात मंद प्रकाश देतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशात रुजवलेल्या या व्यवस्थेत प्रत्येक कामगाराला मिळालेली मात्रा राष्ट्रीय नोंदवहीत आयुष्यभर जमा होत जाते. मर्यादाही ठरलेली आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षी ३० हून अधिक नाही.

हाही अंगावरचाच मोजणारा आहे, तोही सक्तीचा आहे, आणि त्याचेही दप्तर सरकारदरबारी आहे. तरी त्याच्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही, आणि त्याची कारणे शोधावयास दूर जावे लागत नाही. तो एकच गोष्ट मोजतो. मनुष्य कोठे गेला, कोणाशी बोलला, किती वेळ बसला, हे त्याला ठाऊक नसते. तो जे मोजतो ते कामाने कामगाराचे काय केले हे आहे. आणि आकडा मर्यादेबाहेर गेला तर जाब विचारला जातो तो मालकाला. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ च्या आणि २०२४ च्या मे महिन्यांत झालेल्या भीषण स्फोटांनंतर मला अनेकदा वाटले आहे की जितक्या तत्परतेने आपण कामगाराचे स्थान मोजू लागलो, तितक्या तत्परतेने त्याच्या श्वासात जाणारा वायू मोजणारे साधन त्याच्या अंगरख्याला लावले असते, आणि त्याचा आकडा कारखान्याच्या दारावर रोज लिहिला असता, तर या विद्येचे आपल्या शहरांत वेगळेच स्वागत झाले असते.

८. कायदा कोठवर आला आहे

पाळतीचा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे घड्याळे येण्याच्या फार पूर्वी आला. उत्तर प्रदेशातील खरक सिंग याच्यावर दरोड्याचा आरोप होता. पुराव्याअभावी तो सुटला, तरी पोलिसांनी त्याच्या नावाने पाळतीचे दप्तर उघडले आणि रात्री-अपरात्री त्याच्या दारावर थाप पडू लागली. डिसेंबर १९६२ च्या निकालात रात्रीच्या या भेटी अवैध ठरल्या, परंतु येण्याजाण्यावरची इतर पाळत बहुमताने कायम राहिली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदवले. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की पायात बेडी नसली तरी पाळतीच्या छायेत वावरणारा मनुष्य मोकळा म्हणता येत नाही, कारण बंधन मनावर पडलेले असते. त्या मताला बहुमत होण्यास पंचावन्न वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला, आणि शासनसंस्थेने त्यात हात घालावयाचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, उद्देश वैध हवा, आणि उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा, अशा कसोट्या सांगितल्या. महानगरपालिका ही राज्यघटनेच्या दृष्टीने शासनसंस्थाच असल्यामुळे हजेरी शेडमधल्या घड्याळाला या कसोट्या लागू आहेत. हजेरी तपासण्यासाठी पाळीच्या आरंभी आणि शेवटी दोन नोंदी पुरत असतील तर आठ तासांचा अखंड माग आणि सोबत ध्वनिग्राहक हा उपाय प्रमाणात आहे, असे म्हणणे मला तरी अवघड दिसते.

त्यानंतर २०२३ च्या ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, अमलात यावयाची आहेत. माहितीचा साठा सुरक्षित न राखणाऱ्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यास सामान्यतः मनाई आहे. या तरतुदी स्वागतार्ह आहेत. पण कामगाराच्या दृष्टीने त्या कायद्याची तीन कलमे एकत्र वाचली पाहिजेत. कलम ७ नुसार नोकरीच्या प्रयोजनांसाठी मालकाला कामगाराची संमती घ्यावी लागत नाही. आणि कलम ११ व १२ नुसार आपल्याविषयी काय साठवले आहे ते पाहण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा अधिकार मुख्यतः त्यालाच आहे, ज्याने संमती दिलेली होती. हौसेने घड्याळ विकत घेणाऱ्याला आपले दप्तर वाचता येईल. ज्याच्या पगाराचा निर्णय त्या दप्तरावरून होतो, त्याला तो अधिकार या कायद्याने मिळत नाही.

सध्या २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपल्याच हजेरीच्या नोंदी महानगरपालिकेकडे मागण्याचा मार्ग आहे, आणि कामगार संघटनांनी तो वापरून पाहावा. पण दुरुस्तीचा खरा मार्ग त्याहून जवळचा आहे. घड्याळातील नोंद महिन्याच्या महिन्याला मराठीत छापून हजेरी शेडमध्ये कामगाराच्या हाती द्यावी. तिच्यावर त्याची तक्रार लेखी घेतल्यावाचून आणि तिचा निकाल लागल्यावाचून एक रुपयाही कापू नये. पाळी संपली की यंत्र बंद होऊन शेडमध्येच जमा व्हावे. कॅमेरा आणि ध्वनिग्राहक असलेले यंत्र खरेदीच्या निविदेतूनच वगळावे. आणि नोंदी किती महिन्यांनी नष्ट होणार याची मुदत शेडच्या फलकावर लिहावी. ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई या तिन्ही महानगरपालिकांच्या महासभांना असा ठराव आजच्या आज करण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.